हलगीला बंदूक म्हणणारं यंत्र

‘कुस्तीच्या मैदानात निकाल कुठल्या डावावर जास्त लागतात गं? घिस्सा का ढाक?’

मामांनी हा प्रश्न मागच्या जूनमध्ये जेवताना विचारला आणि उत्तराची वाट न बघता पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली. प्रश्न खरं तर मला नव्हताच. गंगावेशीतले त्यांचे एक दोस्त आणि ते, असे दोघं तीस वर्षं याच मुद्द्यावर भांडताहेत. मामा तरुणपणी मंगळवार पेठेतल्या तालमीत होते, नंतरचं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं. दोस्त शाळेत मास्तर होते. दोघांचाही युक्तिवाद ‘मी डोळ्यांनी बघितलंय’ इथं येऊन संपतो.

‘मामा, मी मोजून देतो,’ मी म्हटलं. (कोल्हापुरातल्या मुली ‘देतो’च म्हणतात. पुण्याच्या मैत्रिणींनी हसून घ्यावं.) गावोगावच्या यात्रांची कुस्ती मैदानं हल्ली यूट्यूबवर असतात, चार-पाच तासांपर्यंतचं एकेक रेकॉर्डिंग. माझं रोजचं काम राजारामपुरीत घरी बसून एका सॉफ्टवेअर कंपनीचा डेटा इकडून तिकडं नेणारे प्रोग्रॅम तपासायचं. तेव्हा यंत्राला बसवायचं निकाल शोधायला, आणि मामांनी फक्त डाव ओळखायचे. आठवड्याभराचं काम वाटलं होतं. ऑक्टोबर उजाडला.

पहिले तीन आठवडे तर मी प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नाही, नुसती फिरले. यूट्यूबवरून व्हिडिओ परस्पर उतरवून घेणं त्यांच्या नियमात बसत नाही. शिवाय वर चढवताना तिथं आवाज पुन्हा एकदा दाबला जातो. हे दुसरं कारण किती मोलाचं आहे ते मला नंतर कळलं, तेव्हा मी चित्राच्याच नादात होते. म्हणून चॅनलवाल्यांनाच गाठलं. एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, एक लग्नाचं शूटिंग करणारा, एक कॉलेजचा पोरगा, जो बांबूला मोबाइल बांधून पाच-पाच तास उन्हात उभा राहतो. काहींनी ‘आमचे व्ह्यूज खाणार काय?’ म्हणून फोन ठेवला. बाकीच्यांनी चहा पाजून मूळ फायली दिल्या. बदल्यात मी प्रत्येकाला त्याच्या मैदानाची कुस्तीवार यादी, कुठली जोड किती मिनिटाला लागली, अशी करून द्यायचं कबूल केलं. लंगोट घातलेल्या लहान पोरांच्या कुस्त्या यात असतात, म्हणून एक गोष्ट तिथंच ठरवून टाकली: चेहरे ओळखणारं कुठलंही यंत्र या फायलींवर चालवायचं नाही.

380 फायली जमल्या. 1,040 तास. रोज आठ तास बघत बसलं तरी 130 दिवस.

चित्रावरच्या प्रयोगाचं फार सांगण्यासारखं नाही. माणसाचे सांधे ओळखून त्याचा सांगाडा काढणारी एक तयार प्रणाली घेतली. उभ्या माणसांवर ती झकास चालते. लाल मातीत गुंतलेल्या दोन अंगांना मात्र ती कधी एक माणूस म्हणे, कधी तीन. त्यातून कॅमेऱ्यापुढं कुणाचा तरी फेटा, नाहीतर भिंगावर उडालेली माती. आठवड्यात नाद सोडला.

मग एक दिवस दुपारी असं झालं. मी टेबलावर मैदान लावून बसले होते, मामा मागं दिवाणावर झोपले होते. चांगले घोरत होते. मध्येच त्यांचं घोरणं थांबलं. मी वळून बघितलं तर डोळे उघडे. पुढच्या क्षणाला स्क्रीनवर पैलवान चितपट आणि एकच गलका. मामांनी पुन्हा डोळे मिटले. दहा-पंधरा मिनिटांनी परत तेच: आधी मामांचे डोळे उघडले, मग लोक ओरडले. झोपेत या माणसाला निकाल कळत होता, आणि तोही लोकांच्या आधी. म्हणजे जे काही कळत होतं ते कानावाटे.

त्याच संध्याकाळी एफएफएमपेग नावाचा प्रोग्रॅम लावून सगळ्या फायलींतला आवाज वेगळा काढायला घेतला. एकच चॅनल, सेकंदाला 16,000 नमुने. एवढ्या नमुन्यांत 8,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज पकडता येतात. माणसाच्या बोलण्याला आणि हलगीच्या कडाक्याला ते पुरेसं होतं. तासाला साधारण 115 एमबी. दोन टीबीचा पसारा 120 जीबीवर आला. मोठा व्हिडिओसाठा हाती घेणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन, आधी आवाज काढा. चित्राच्या मानानं तो चिमूटभर असतो, आणि मोबाइल कुठल्या दिशेला धरलाय याचं त्याला सोयरसुतक नसतं.

हा आवाज ऐकवायला यॅमनेट हे आवाज ओळखणारं यंत्र घेतलं. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. गूगलनं 2017 मध्ये ऑडिओसेट नावाचा संग्रह खुला केला. त्यात यूट्यूबवरच्या व्हिडिओंचे दहा-दहा सेकंदांचे 20 लाखांहून जास्त तुकडे आहेत, आणि कुठल्या तुकड्यात काय ऐकू येतं त्याच्या चिठ्ठ्या माणसांनी लावलेल्या आहेत. यॅमनेट त्यावर शिकलंय. जेमतेम एक सेकंदाचा तुकडा ऐकून ते 521 प्रकारच्या आवाजांना गुण देतं आणि 0.48 सेकंद पुढं सरकतं. म्हणजे तासाला 7,500 वेळा मत. माझ्या साठ्यावर 78 लाख मतं.

रात्रभर चालवून सकाळी पहिल्या मैदानाची यादी उघडली. बंदुकीची गोळी. मशीनगन. फटाके. पुन्हा मशीनगन. मध्येच ‘घोड्याच्या टापा’. चार तासांच्या यात्रेत यंत्राच्या मते सीमेवर युद्ध चालू होतं.

ती हलगी होती. यॅमनेटच्या यादीत तबला आहे, सतार आहे. हलगी नाही, घुमकं नाही. कैताळाला त्यानं निदान झांज म्हटलं. यादीतच जो शब्द नाही, त्याची चिठ्ठी कुणी कुठून लावणार? तरी पहिल्या दिवशी मला राग आलाच. इथं 1912 साली शाहू महाराजांनी खासबागेसारखं मैदान उभं केलं, आणि या शहाण्याला हलगी माहीत नाही!

राग ओसरल्यावर लक्षात आलं की नावाशी मला काय करायचंय? यॅमनेट अखेरचं नाव ठरवण्याआधी प्रत्येक तुकड्याचं 1,024 आकड्यांत वर्णन करतं. ते वर्णन घ्यायचं आणि नावं आपली लावायची. 24 तासांचा आवाज निवडला, ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडला आणि हातानं खुणा करत बसले: हलगी, निवेदन, गलका, फटाके, बाकी. आठ सुट्ट्या गेल्या त्यात. जुलैचा पाऊस लागला होता, राजाराम बंधाऱ्यावरची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडं सरकली की घरातले सगळे मोबाइल एकदम टुंग करत, आणि मी हेडफोन घालून चैत्र-वैशाखाच्या उन्हातली मैदानं ऐकत होते. कुस्तीचं मैदान मी तोवर प्रत्यक्ष कधी बघितलेलं नव्हतं. आमच्या घरच्या बायका जात नसत. मी ते आधी शेकडो तास ऐकलं.

या खुणा करताना डोळ्यांसमोर स्पेक्ट्रोग्राम असतो. आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर आवाजाची उंची, आणि जिथं जोर तिथं उजेड. काही दिवसांनी तो वाचायची सवय लागते. निवेदकाचा आवाज आडव्या नागमोडी रेघांचा, एकावर एक ठेवलेल्या, नांगरलेल्या वावरासारख्या. हलगी म्हणजे खालपासून वरपर्यंत उभ्या रेघा, फणीच्या दातांसारख्या. लोकांचा गलका म्हणजे धुकं. त्यात ना आडवं ना उभं, सगळा कागद सारखा पांढुरका.

मला वाटलं, झालं. धुकं शोधायचं की निकाल सापडला. पहिला नियम मी त्याहून सोपा केला होता: आवाज जिथं सगळ्यात मोठा, तिथं निकाल. निम्म्या खुणांवर यंत्र शिकवलं होतं, उरलेल्या 12 तासांत माझ्या कानानं मोजलेले 118 निकाल होते. नियमाला सापडले 41. आणि जे सापडलं त्यात निवेदकानं भोंग्यात मारलेल्या फुंकराच जास्त.

कारण मोबाइलमध्येच निघालं. मोबाइलचा माइक आवाज वाढला की आपणहून कान झाकून घेतो आणि कमी झाला की कान टवकारतो. हलगी शेजारी वाजत असते तोवर सगळं दबलेलं. ती थांबली की तो इतका वर येतो की शेंगदाणेवाल्याची हाळीसुद्धा गलक्याएवढी मोठी होते. दहा हजार माणसांचा जल्लोष आणि दोन माणसांचा खोकला, फायलीत दोन्ही सारखेच मोठे. मोठेपणा मोजायचा नाही, पोत मोजायचा, हे इथं शिकले. धुक्याचा नियम लावला तर 118 पैकी 70 मिळाले, पण सोबत खोटे इशारे शेकड्यानं. आमदार आले, धुकं. इनामाची रक्कम वाढवली, धुकं. वळिवाचा पाऊस आला, आणि तो तर खरोखरच धुकं.

तिथं मी अडकले. मामांना विचारलं, तुम्ही झोपेत काय ऐकता? त्यांना सांगता येईना. म्हणाले, ‘मला काय विचारतीस, वाजवणाऱ्याला विचार.’

हलगीवाले आण्णा कळंबा भागात राहतात. चाळीस वर्षं यात्रा केल्यात त्यांनी. लॅपटॉप घेऊन गेले तेव्हा दारात शेकोटीवर हलगी तापवत बसले होते. पावसाळी हवेत कातडं मऊ पडतं, आवाज बसतो, म्हणून शेकायची. मी त्यांना स्पेक्ट्रोग्राम दाखवला, रेघा कशाच्या ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवलं.

‘ताई, तुमी गलका शोधताय. गलका मागनं येतोय. आदी हलगी येती.’

‘म्हणजे?’

‘पब्लिकला वरनं नुसतं अंग दिसतंय. मी हौद्याच्या (म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या) कडंला असतोय, मला पकड दिसती. मी पैलवानाच्या तोंडाकडं बघतच न्हाई, पायाकडं बघतोय. पाय उचलला की हात आपसूक पळाय लागतोय.’

‘आणि चितपट झाली की?’

‘मग काय!’ आण्णांनी दोन्ही काड्या हवेत उंच धरल्या. ‘दोनी हात वर. मग वाजवाय कोन ऱ्हातंय?’

मी तिथंच, त्यांच्या ओट्यावर, फाईल पुढं-मागं करून बघितली. फणीचे दात दाट होत जातात, इतके की उभ्या रेघा एकमेकींना चिकटतात. मग कात्रीनं कापल्यासारखी मोकळी जागा, अर्धा-पाऊण सेकंद. आणि मग धुकं. पुढच्या निकालाला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. मी आठ सुट्ट्या त्या मोकळ्या जागेवरून गेले होते आणि मला ती दिसली नव्हती.

मामांची झोप मोडत होती ती त्या दाट होत जाणाऱ्या दातांनी.

मग काम सुरळीत लागलं. लिब्रोसा नावाची पायथॉनमधली लायब्ररी आवाजातले ठोके शोधून देते. त्यावरून प्रत्येक सेकंदाला हलगीचे किती ठोके पडतात याचा आलेख काढला. वेग चढतो, अचानक तुटतो, दोन सेकंदांच्या आत धुकं येतं, असे तिन्ही मिळाले तरच निकाल. आमदार आल्यावर हलगी वेग घेते, पण तुटत नाही. पावसात हलगी नसतेच. 118 पैकी 97 सापडले, खोटे 33. याहून पुढं रेटायचा प्रयत्न मी केला नाही. खोटे इशारे मामा दोन सेकंदांत बाद करतात.

आण्णांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मोजायला नाही पण सांगायला हवी. एका फाईलवर ते म्हणाले, ‘ही फायबरची हलगी.’ मी विचारलं कशावरून. म्हणाले, दुपारपासून रात्रीपर्यंत एकाच सुरात आहे. मी तपासलं. कातड्याच्या हलगीचा उजेडाचा पट्टा तासाभरात हळूहळू खाली घसरतो, मग एकदम वर उडी मारतो. ती उडी म्हणजे मधल्या वेळेत कुणीतरी तिला शेकोटीवर धरलंय. फायबरच्या हलगीचा पट्टा आखल्यासारखा सरळ. आता मला फाईल नुसती बघून मैदानातली शेकोटी दिसते.

क्लिपा कापून मामांना दाखवल्या आणि माझी फजिती झाली. ‘तू मला सारखी हरलेल्याची पाठ दाखवतीस,’ ते म्हणाले. खरंच, बहुतेक क्लिपांत कुस्ती संपलेली, विजेता खांद्यावर, हरलेला माती झटकत निघालेला. गंमत म्हणजे मैदानाच्या सुरुवातीच्या क्लिपा बरोबर होत्या, शेवटाकडं जाल तसं चुकत जात होतं. दोन रात्री मी निकालाच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. चूक भलत्याच ठिकाणी होती. मोबाइल दर सेकंदाला नेमकी 30 चित्रं घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की 28 घेतो, 24 घेतो. मी वेळेला 30 नं गुणून चित्राचा क्रमांक काढत होते. पाच तासांच्या फायलीत शेवटी मिनिटांचा फरक पडत होता. ऊन उतरतं, फोन तापलेला असतो, आणि नेमक्या मोठ्या कुस्त्या तेव्हाच लागतात. चित्र मोजायचं नाही, फायलीत लिहिलेला प्रत्येक चित्राचा वेळ वाचायचा. एवढं समजायला दोन रात्री. पुस्तकात हे पहिल्या धड्यात असेल. मी पुस्तक वाचलं नव्हतं.

चित्राचा थोडा उपयोग अखेर झाला. सेकंदाला एक चित्र घेऊन आधीच्यापेक्षा ते किती बदललं एवढंच बघितलं. वाटलं होतं, लोक हौद्यात धावत येतात ते यात उमटेल. उमटलं वेगळंच: निकालाच्या क्षणाला सगळं चित्रच हलतं. कॅमेरावाला उडी मारतो! तोही शेवटी कुस्तीशौकीनच. बांबूवाल्या पोराच्या फायलींत हे चालत नाही, बांबू जमिनीत रोवलेला असतो.

निवेदकाचं बोलणं लिहून काढायला व्हिस्पर वापरलं. ओपनएआयनं 2022 मध्ये खुलं केलेली ही प्रणाली 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर शिकलेली आहे, त्यात मराठीचा वाटा किरकोळ. स्टुडिओत बसून बोललेलं मराठी ती बरं लिहिते. भोंग्यातून फाटलेलं, हलगीवरून ओरडलेलं कोल्हापुरी म्हणजे तिची परीक्षाच. ‘घिस्सा’चा ‘हिस्सा’ झाला, ‘ढाक’ची ‘डाक’, ‘मोळी’चं ‘मोठी’. निव्वळ हलगी वाजत असे तिथं तर ती स्वतःच बोलायला लागे: ‘धन्यवाद. धन्यवाद. धन्यवाद.’ बोलणं नसलेल्या जागी मनानं वाक्यं रचायची तिची खोड प्रसिद्ध आहे. माझ्याकडं हलगी आणि निवेदन वेगळं करणारं यंत्र तयार होतंच. फक्त निवेदनाचे तुकडे तिच्याकडं पाठवले, धन्यवाद थांबलं.

शब्द सुधारायला आधी थोडा नमुना-मजकूर देता येतो. डावांची यादी देऊ म्हटलं तर त्या मजकुराला 224 तुकड्यांची मर्यादा, आणि देवनागरी अक्षरांचे हे यंत्र इतके बारीक तुकडे करतं की पंचवीसेक डावांतच पिशवी भरली. कलाजंग, एकलंगी, धोबीपछाड, छडी टांग बसले. बाकीचे दारात उभे राहिले. त्यात ‘निकाल’ हा स्वतःच एक डाव आहे. निवेदक उत्साहात म्हणतो, ‘निकालावर निकाल!’ आता यंत्रानं काय समजावं? ‘हप्ता’ हा डाव मात्र अचूक लिहिला जाई. तो सगळ्यात जास्त वेळा आला म्हणून मी मामांना फोन करणार होते, तेवढ्यात मजकूर वाचला: ‘सुलभ हप्त्यांत ट्रॅक्टर’. मैदानाच्या प्रायोजकाची जाहिरात.

एवढं असूनही पाचातल्या एका निकालाला निवेदक डावाचं नाव घेतच नाही. ‘क्या बात है’ म्हणतो आणि इनाम देणाऱ्याचं नाव घेतो. म्हणून डाव ओळखायचं काम माणसाकडंच राहिलं.

शेवटचा गुंता एकाच कुस्तीच्या अनेक प्रतींचा. गाजलेली कुस्ती चार चॅनलवाल्यांनी चार बाजूंनी टिपलेली, शिवाय एकमेकांचं उचलून चढवलेलं. तसंच मोजलं तर एकच घिस्सा चार वेळा मोजला जाणार, मामांचे दोस्त सोडतात काय? आधी क्रोमाप्रिंट लावलं. ते गाण्यांसाठी आहे, बारा सुरांच्या चढउतारावरून ठसा काढतं. हलगीला कुठले सूर? त्याला सगळी मैदानं एकसारखीच वाटली. मग दुसरी पद्धत घेतली, शाझाम गाणं ओळखायला वापरतं ती. एव्हरी वांग यांनी 2003 मध्ये ती मांडली होती. स्पेक्ट्रोग्राममधले सगळ्यात उजळ ठिपके घ्यायचे, आकाशातल्या नक्षत्रांसारखे, आणि दोन-दोन ठिपक्यांमधलं अंतर लक्षात ठेवायचं. उचललेल्या प्रती तिनं पटापट पकडल्या. कडेला वेगळं गाणं चिकटवलेल्यासुद्धा.

चार बाजूंनी टिपलेली कुस्ती जुळवायला ठोकेच कामाला आले. सिनेमात क्लॅप कशासाठी देतात, हे जयप्रभा स्टुडिओच्या गावात सांगायला नको: एका ठोक्यावर चित्र आणि आवाज जुळवायला. इथं आण्णा चार तास क्लॅपच देत होते. दोन फायलींतले ठोके एकमेकांवर सरकवत न्यायचे आणि जिथं सगळ्यात जास्त जुळतील तिथं थांबायचं. एक जोडी मात्र ठोके जुळूनही पाच चित्रांनी चुकत राहिली. शेवटी चॅनलवाल्याला फोन केला: कुठं उभा होतास? म्हणाला, शाळेच्या गच्चीवर. हौद्यापासून 70 मीटर. आवाज सेकंदाला 340 मीटर जातो, गच्चीवर पोचायला त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागला. सेकंदाला 25 चित्रांच्या हिशेबात बरोबर पाच चित्रं. प्रोग्रॅम बरोबर होता. एरवी कधी नव्हे ती मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

प्रती काढून टाकल्यावर 1,610 क्लिपा उरल्या. त्यांत काय नाही, ते मामांना आधीच सांगितलं. मैदानाच्या सुरुवातीला लहान पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या होतात, हौद्यात एकाच वेळी चार-चार जोड्या. तेव्हा हलगी एका जोडीसाठी वाजत नाही, लोकही जमलेले नसतात. यंत्राला त्यातलं जवळजवळ काहीच सापडलं नाही. बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्या तर मुळातच नाहीत, त्यांना ना वेग ना तुटणं, नुसती कुरकुर. मुलींच्या कुस्त्यांतले निकाल जास्त सुटले, कारण त्यांना हलगी कमी वाजते. ही शंका मी आण्णांना बोलून दाखवली. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘खरं हाय ते.’

आता रोज संध्याकाळी सहा वाजता दोस्त आमच्याकडं येतात. मी क्लिपा मोठ्या टीव्हीवर लावून दिल्यात, प्रत्येक वीस सेकंदांची, पुढं-मागं करायचं बटण मामांच्या हातात. टेबलावर उभ्या रेघांची वही, दोन रकाने नाहीत, चौदा आहेत, कारण पहिल्याच आठवड्यात घिस्सा आणि ढाक सोडून तिसरेच डाव पुढं जायला लागले आणि दोघांनाही ते मान्य नाही. 286 क्लिपा झाल्यात. 287व्या क्लिपवर परवापासून गाडी अडलीय. मामा म्हणतात मोळी, मास्तर म्हणतात आधी पकड घिश्श्याचीच होती, नंतर मोळी झाली, तेव्हा नोंद घिश्श्यात. आज आण्णांना चहाला बोलावलंय. ते त्या मैदानात हौद्याच्या कडेला होते.